भिंतीपलीकडची हाक

"शिमशिमहे..."

लहानपणी दगडी भिंतीपलीकडून ही हाक यायची. शेजारचा इन्हो, भिंतीवर हनुवटी टेकून. करमत नाही, हात रिकामे, दुपार रिकामी, कुणीतरी यावं – एवढं सगळं त्या एका शब्दात. मी धावत जायची. उलट हाक मात्र कधी दिली नाही. आपण बोलावलं, असं दिसायला नको ना.

आता तोच इन्हो, सैन्यातली सक्तीची वर्षं संपवून, रुंद खांद्यांचा होऊन आमच्या अंगणात बसला होता. आमच्या सांग्जू गावात हे पर्सिमनची फळं सोलून, देठाला दोरी बांधून सुकत टांगायचे दिवस. शेजारी मदतीला येतातच. केशरी सालींची वळणं त्याच्या गुडघ्यावरून ओघळत होती.

"जिरुहे," मी सुस्कारले. ढीग सरता सरत नव्हता.

"माझ्या गप्पांनी?"

"सालींनी. गप्पा तू सुरू केल्यास कुठे?"

तो हसला. मग हातातल्या फळाकडेच बघत म्हणाला, "बुसानच्या गोदीतून बोलावणं आलंय. उद्याची बस... अजून हो म्हटलं नाही. बोराम, जाऊ?"

माझी सुरी भराभर चालू लागली.

"जा की. रोज तेच अंगण, तेच तोंड... जिग्योवो."

शब्द सुटला आणि मलाच बोचला. जिरुहे कामाला म्हणावं. काम संपलं की तो कंटाळाही संपतो. जिग्योवो म्हणजे वीट आला. माणसाच्या तोंडावर असं म्हणतात का कुणी?

"बरं," तो उठला. जाता जाता माझ्या टोपलीपाशी थबकला. "हे काय? सगळे देठ कापलेस? आता दोरीला बांधायचं कशानं?"

सांग्जूतलं शेंबडं पोरही ही चूक करत नाही.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

त्याच्यामागे फाटक वाजलं. वाऱ्यावर टांगलेल्या माळा हलत राहिल्या, केशरी, ओल्या. थोड्या वेळानं पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

चिकट हात तसेच घेऊन मी भिंतीशी गेले. हनुवटी टेकली. दगड उन्हानं अजून कोमट होता.

"शिमशिमहे..."

चेन थांबली. मग दबलेलं हसू ऐकू आलं.

"कोण बोलावतंय?"

"मी," मी म्हणाले. "मी बोलावतेय, इन्हो... जाऊ नकोस."