घरटी एक माणूस

धसई गावापलीकडच्या तळ्याचा एक जुना नेम होता. वैशाखात पाणी खाली गेलं की गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा. बांधावरून घराचं नाव पुकारलं की त्यानं "आलो" म्हणायचं आणि पाटी घेऊन उतरायचं. हिराबाईंच्या आजेसासऱ्यांच्या काळापासून तळं टिकलं ते या नेमावर.

पुढे काठावरच्या घरांनी जमिनी विकल्या. माणसं पांगली, बरीचशी वारली. घरांच्या जागी बंगले उठले. बंगलेवाल्यांना खिडकीतून तळं हवं होतं, गाळ नको होता. घरांच्या नावांची वही आता हिराबाईंकडे होती; त्यांनी महिनाभर बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकले. उत्तरात नुसते जोडलेले हात आले. इकडे तळातला झरा गाळानं बुजलेला. पावसाआधी तो मोकळा झाला नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात खालच्या वाडीला प्यायला थेंब मिळणार नव्हता.

ठरल्या दिवशी ऊन कलेपर्यंत हिराबाई एकट्याच बांधावर बसून होत्या. बंगल्यांची नावं दोनदा पुकारून झाली. जलपर्णीचं पान हललं नाही. कुजक्या शेवाळाचा वास तेवढा जड होत गेला. शेवटी त्यांचा तोल गेला. वहीची मागची पानं उलटून त्यांनी रागारागानं जुनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"नवशाचं घर..."

"आलो."

आवाज पाण्याच्या अंगानं आला. कुणी गुराखी थट्टा करतोय असं समजून त्या आणखीच चिडल्या.

"गुणाबाईचं घर..."

"आले गो... इतकी वर्सं कुनी हाकच मारली नाय."

गुणाबाईच्या तोंडात शेवटचं पाणी हिराबाईंनीच घातलं होतं. वही तिथंच टाकून त्या पळत सुटल्या. मागे न पुकारताच "आलो... आलो..." चाललं होतं आणि बांधावर ओल्या पाट्या धपाधप पडत होत्या.

सकाळी वाडीतला भगीरथ हसत दारात आला. झरा वाहतोय, बांधावर गाळाचा डोंगर झालाय, एका दिवसात कोणाकडनं काढून घेतलात, असं विचारू लागला.

तेवढ्यात मुंबईहून बंगलेवाल्या मितेशचा हिराबाईंना फोन आला.

"काकू, तुमच्या माणसांना माझ्या बंगल्यातून बाहेर काढा. कुलूप तसंच आहे, चावी माझ्याकडे आहे, आणि कॅमेऱ्यात दिसतंय... हॉलमध्ये बसलीत सगळी. चिखलानं माखलेली."

"काही बोलतायत का रे...?"

"एक म्हातारी आहे. कॅमेऱ्याकडे बघून सारखं तेच विचारतेय..." त्यानं कॅमेऱ्याचा आवाज मोठा केला. "तू कुनाचा रे, आमच्या घरात कवापासून राहतोस?"