शनिवारची सहा माणसं

त्या जिन्यावर आम्ही दोघंही खोटं बोललो.

१९८४चा श्रावण. कोल्हापुरात सकाळपासून भुरभुर चालली होती. एका वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी चार वाजता आमच्यासारख्यांची बैठक भरणार होती. मनाचे आजार बरे करता करता ज्यांच्या स्वतःच्याच मनाला मार बसलाय, अशांची. मी मनोरुग्णांच्या वॉर्डात सोशल वर्कर. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला. अर्ध्या जिन्यावर पाय अडले... तर तिथं आधीच एक जण उभा. उंच, सावळा, केस ओले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी.

"वर जायचं हाय का तुमास्नी?" तो भिंतीला सरकला.

"नाही — मैत्रिणीची वाट बघतेय. तुम्ही?"

"मी... पंखा दुरुस्तीला आलोय."

"हत्यारं कुठायत?"

"आधी पंखा बघायचा, मग आणायची की!"

तेवढ्यात खालून चहाचा थर्मास घेऊन डॉक्टर विमलाताई वर आल्या. बैठक त्याच घेणार होत्या, आमची नावंही त्यांच्याकडेच नोंदवलेली. "अरे वा, शोभना, जोतीराम! दोघंही आलात? चला, चला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार.

जोतीराम हुपरीचा. मनोरुग्णांच्याच दुसऱ्या एका दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. आम्ही सहा जण, सहा खुर्च्या गोल मांडलेल्या, सातवी विमलाताईंची. तो नेमका भिंतीला पाठ लागेल अशा खुर्चीत बसला. विमलाताईंनी दोनच नियम सांगितले. इथलं बोलणं इथंच राहील. आणि बाहेर कुणाचं कुणाशी नातं जुळलं, तर ते लपवायचं नाही, इथं येऊन सांगायचं.

तिसऱ्या शनिवारी जोतीराम बोलला. एका रुग्णानं मागून येऊन टॉवेलानं त्याचा गळा आवळला होता. "त्याच्यावर राग न्हाय माझा. आजारी होता बिचारा. मला कळतंय सगळं... पण पाठीला कोण समजवणार? मागं पाऊल वाजलं की जीव घशात येतोय."

त्या दिवसापासून मागून जायची वेळ आली, की मी आधी खोकायचे.

"औषध घ्या की," तिसऱ्यांदा खोकले तेव्हा तो म्हणाला. बैठक संपवून आम्ही रंकाळ्यावर भेळ खात होतो.

"आजार नाहीय तो. सायकलची घंटा आहे."

तो हसला. मग भेळेत बघत म्हणाला, "एवढं कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी..."

मी मात्र बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. माझी पाळी आली की "पुढच्या वेळी" म्हणायचे. सहावा शनिवार आला. जोतीराम एकदम उभाच राहिला.

"एक सांगायचंय. मी हितं बरं व्हायला येतोय का शोभनाला बघायला, हेच कळंना झालंय."

गणपतराव, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे समुपदेशक, मोठ्यानं हसले. माझा चेहरा तापला. विमलाताई हसल्या नाहीत. "छान झालं सांगितलंस. पण दोघं एकाच गटात राहिलात तर एकमेकांना सांभाळून बोलाल. एकानं बुधवारच्या गटात जावं."

"मी जातो," जोतीराम म्हणाला. "माझं बोलून झालंय. तिचं ऱ्हायलंय."

"माझं काय राहिलंय ते तुम्ही ठरवू नका!" मी तडकले.

"बरं. मग तूच ठरव," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला... आणि दार ओढून घेऊन गेला.

दाराकडे बघता बघता माझ्या तोंडून नाव आलं. मीनाबाई. गगनबावड्याची. चार महिने माझ्या वॉर्डात माझ्याशी बोलून बोलून सावरलेली. "आता ती बरी आहे," असं तिच्या आईला मीच सांगितलं. घरी जाऊन वीस दिवस झाले, आणि तिनं विहीर जवळ केली. वर्ष झालं. मी तिच्या आईला तोंड दाखवलं नव्हतं.

कुणी 'तुझी चूक नाही' म्हणालं नाही. गणपतरावांनी खुर्ची जवळ ओढली. "काय चुकलं, काय नाही, आपण बघू. पण एकटीनं नको बघूस."

पुढच्या गुरुवारी मी गगनबावड्याची एस.टी. पकडली. जोतीरामला सगळं सांगितलं होतं; तो सोबत आला, पण तिथल्या स्टँडवरच थांबला. "हे तुझं तुलाच करायचंय. मी हाय हितंच."

मीनाबाईची आई, बायडाबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मला ओळखलं.

"लई उशीर केलास, पोरी."

"भीती वाटली, मावशी."

"आमाला न्हाय वाटली व्हय?" तिचे हात थांबले. मग तिनं सूप खाली ठेवलं. "तुझ्याकडनं आली तवा हसत हुती. वीस दिस हसली. ते वीस दिस तुझंच हाईत. बस, चा टाकतो."

मी रडले. तीही रडली. आम्ही मीनाबाईबद्दल बोलत राहिलो. तिला काय आवडायचं, कशावरून रुसायची... उठताना बायडाबाईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

स्टँडवर धुकं उतरलं होतं. जोतीराम बाकावर बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं सरकून जागा करून दिली. मी बसले. खूप हलकं वाटत होतं, आणि खूप दमल्यासारखंही.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," मी म्हणाले.

तो दचकला. "आत्ता? हितं स्टँडवर?"

"करत नाहीय हो... विचारतेय."

"हां... विचारतीयास व्हय." त्यानं घसा साफ केला, उगाच बाही नीट केली, आणि माझा गार हात आपल्या हातात घेतला. "मग व्हय की!"