इथून चाकं दिसत नाहीत

बोईसरच्या सरावलीतल्या त्यांच्या गल्लीत नागोरावांना चार शेजारी आणि कारखान्यातले दहा-बारा जण सोडले तर कोणी ओळखत नव्हतं. मोबाइलवर मात्र ते राजे होते. 'विमानवेडे' नावाचा साठ जणांचा ग्रुप होता आणि नागोराव त्याचे ॲडमिन. कोणी मासवणच्या शेतातून, कोणी वैतरणा स्टेशनात गाडीची वाट बघता बघता आभाळातल्या विमानाचा फोटो काढायचं, खाली लिहायचं 'ओळखा', आणि मिनिटभरात नागोरावांचं उत्तर यायचं. आधी नाक बघा, मग इंजिनं, मग पंखांची टोकं. रंग शेवटी, कारण रंग फसवतो, ही त्यांची शिकवण पोरंसोरं घोकायची. नागोराव बोलले की विषय संपला. नांदेडकडून येऊन तीस वर्षं कारखान्यातले मीटर दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ झाला. उषाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "घरात साखर कुठंय ते ठाऊक नाही, आणि आभाळातल्या विमानाचं गोत्र सांगतात."

त्या ग्रुपात नरहरीकाका आले ते मुलाच्या, धीरजच्या, वशिल्यानं. चिंचणीच्या अलीकडे काकांची चिकूची वाडी. सत्तरी उलटलेली, हातातला मोबाइल धीरजचा जुना. काकांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कौतुक मनापासून करायचे. कोणीही फोटो टाको, काकांचं ठरलेलं, 'भारी हाय'. दिवाळीत त्यांनी नागोरावांना वाडीवर बोलावलं, विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीवर बसवून चहा पाजला, निघताना पिशवीभर चिकू दिले. टाकीमागे एक माड होता. वीज पडून त्याचा शेंडा गेलेला, नुसतं खोड उभं. "काका, हा तुमच्या विमानतळाचा खांब," असं नागोराव म्हणाले आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

फेब्रुवारीत एका दुपारी, चारच्या सुमाराला, काकांनी आयुष्यातला पहिला फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वाडीवरना गेला. चाकं बाहेर हायेत. आवाज नाय. वळखा.'

नागोरावांनी फोटो मोठा केला आणि त्यांचा चहा गार होऊन गेला. विमान पांढरं होतं. नाक एका जातीचं, पंखांची टोकं भलत्याच जातीची. पोटाखाली अक्षरं असतात तिथं नुसतं पांढरं. आणि चाकं खरंच बाहेर. बोईसरवरून मुंबईला जाणारं विमान अजून कितीतरी उंच असतं, त्याची चाकं पोटात असतात. शिवाय वाडीपासून अणुवीज केंद्र जवळ. त्या बाजूला इतक्या खाली कावळा उडाला तरी चौकशी लागेल, असं नागोराव स्वतःच सांगायचे.

फोटोच्या कोपऱ्यात तो बिनशेंड्याचा माड होता. त्याच्या खोडावर एक तिरपी सावली पडली होती. नागोरावांनी अर्धा तास ती सावली तपासली. ती पंखाची होती. ज्याला धड दोन ओळी टाइप करता येत नाहीत, त्या म्हाताऱ्यानं असली सावली चिकटवली असेल, हे शेंबडं पोरही मानणार नाही. फोटो खरा होता. विमान कुठलं, ते मात्र नागोरावांना कळत नव्हतं.

ग्रुपात सगळे थांबले होते. निमेश, त्यांचा पट्टशिष्य आणि दुसरा ॲडमिन, दोनदा विचारून गेला, 'सर, बोला ना.' 'ओळखू येत नाही', एवढे तीन शब्द. साठ जणांसमोर ते लिहायला नागोरावांचं बोट धजेना.

त्यांनी लिहिलं, 'काका, माड आपला आणि विमान परकं, असं जोडकाम आजकाल शाळेतली पोरं करतात. इथून चाकं दिसत नाहीत. खोटे फोटो टाकून सगळ्यांचा वेळ घेऊ नका.'

हसऱ्या तोंडांची रांग लागली. धीरजनं लिहिलं, 'सॉरी सर, बाबांना समजावतो.' सगळ्यांच्या शेवटी काकांचं आलं, 'मी खोटा नाय.' नागोरावांनी त्यांना ग्रुपातून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "नागोराव, तुमी नुसतं 'वळखू येत नाय' लिवलं असतं तरी चाललं असतं. पोराला तुमचं लय खरं वाटतं."

"ड्यूटीवर आहे काका, नंतर करतो," म्हणून नागोरावांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

नंतरचा फोन काही झाला नाही. मार्चअखेरीला धीरजचा मेसेज आला: बाबा गेले. दुपारी चारला वाडीत टाकीवर बसले होते, तिथंच. हातात मोबाइल होता.

बाराव्याला नागोराव गेले. न जाऊन सांगतात कुणाला; ज्याचे चिकू खाल्ले त्याच्या दारी जायलाच हवं. मांडवात जेवणं चालली होती. पलीकडच्या पंगतीत कोणीतरी हळूच म्हणालं, "विमानवाले काका गेले बरं का शेवटी," आणि दुसरा वरणात बघत हसला. धीरज वाढत होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली.

जेवणानंतर जयवंतीकाकींनी, नरहरीकाकांच्या बायकोनं, त्यांना विहिरीकडे नेलं. टाकीवर बसा म्हणाल्या. नागोराव बसले नाहीत. काकींनी पदराखालून मोबाइल काढला.

"रोज चारला हितं यायचे. मी म्हणायची, घरात या, लोकं हसतात. तर म्हणायचे, फोटू लांबून आला म्हणून नागोरावला वळखता नाय आलं. एक डाव जवळून साफ आला की तो बरोबर वळखंल."

एक्केचाळीस फोटो होते. नागोरावांनी एकेक सरकवला. प्रत्येकात तोच माड, तीच वेळ, आणि विमान आदल्या दिवसापेक्षा थोडं खाली. विसाव्या फोटोत त्याच्या पोटावरच्या पत्र्याचे जोड मोजता येत होते. पस्तिसाव्यात चिकूची झाडं अर्धी झाकली गेली होती, पण एकही फांदी हललेली नव्हती. शेवटच्यात आभाळच नव्हतं. नुसतं पांढरं पोट, आणि टाकीच्या उंचीला आलेली दोन चाकं. काळी, कोरी, जमिनीला कधी टेकलीच नसावीत अशी.

"तुम्ही कधी बघितलंत का, काकी?"

"मला काय नाय दिसलं कधी. फोटूत दिसतं तेवढंच. धीरज म्हणतो, बाबा मोबाइलात जोडायला शिकले, डोक्यावर परिणाम झाला. तुमी जाणकार हाय. खोटे होते काय ते?"

"नाही," नागोराव म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं होतं."

काकी म्हणाल्या, "मंग जिथं त्यांना खोटं म्हटलात, तिथंच लिवा. धीरज वाचंल. मला दुसरं काय नको."

नागोरावांनी शब्द दिला. काकींनी काकांच्या मोबाइलवरचे ते एक्केचाळीस फोटोही त्यांना स्वतःच्या मोबाइलवर धाडून घ्यायला लावले.

घरी आल्यावर त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. 'फोटो खरा होता' इथवर हात चालायचा. 'मला माहीत होतं' आलं की अडायचा. साठ जण. निमेश. कारखान्यातले दोघंतिघं. शेवटी त्यांनी पाठवलं, 'नरहरीकाकांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

जोडलेल्या हातांची रांग लागली. धीरजनं लिहिलं, 'धन्यवाद सर. तुम्ही आलात, बरं वाटलं.'

नागोरावांना स्वतःचीच शिसारी आली. सकाळी काकींचा फोन वाजत राहिला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या वयाचा माणूस, एका म्हातारीचा फोन उचलायला भ्याला.

तो रविवार होता. दुपारी उषाबाई गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या, आणि घरात बसवेना म्हणून नागोरावही वर गेले. औद्योगिक वसाहतीचा नेहमीचा उग्र वास होता. खाली कोणीतरी हिंदीत सिलिंडरवाल्याशी वाद घालत होतं.

तो आवाज मध्येच बंद झाला.

उषाबाईंच्या हातातल्या पांढऱ्या चादरीवरून एक तिरपी सावली सरकत गेली. उषाबाई घडी घालत राहिल्या.

नागोरावांनी वर बघितलं.

"उषा, वर बघ."

त्यांनी बघितलं. "काय? आभाळ तर आहे."

चाकं बाहेर होती.

नागोरावांनी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. फोटो साफ आला. सिलिंडरवाल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

ते जिन्यातच बसले आणि या खेपेला एकही अक्षर खोडलं नाही. 'नरहरीकाकांचा फोटो खरा होता. मला त्याच दिवशी कळलं होतं. विमान ओळखता आलं नाही म्हणून मी त्यांना खोटं पाडलं. आज ते माझ्या गच्चीवरून गेलं. मला आजही ओळखू येत नाही.' खाली फोटो लावला.

पहिलं उत्तर धीरजचं आलं.

'सर, तुम्हीच सांगितलंत ना, इथून चाकं दिसत नाहीत? बाबांना जाऊन पंधरा दिवस नाही झाले. त्यांच्या फोटोतलं विमान उचलून आपल्या गच्चीवर चिकटवलंत. त्यांची थट्टा झाली तेवढी पुरे होती.'

नागोराव उत्तर लिहीत असतानाच लिहायची जागा नाहीशी झाली. निमेशनं त्यांना ग्रुपातून काढलं होतं.

त्यांनी काकींना फोन लावला. पलीकडून तो कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

जिन्यात उजेड होता. काहीच हातात उरलं नाही, तेव्हा नागोरावांनी सवयीनं फोटो मोठा केला. आधी नाक, मग इंजिनं, मग पंखांची टोकं. सगळं तेच होतं.

शेवटी त्यांनी चाकं बघितली. काकांच्या एक्केचाळीस फोटोंत ती कोरी होती. आता त्यांना माती लागली होती, आणि डाव्या चाकाच्या खाचेत चिकूचं एक पान अडकलं होतं. पान अजून हिरवं होतं.