ज्याची ओळ त्यानेच सांगायची

छत्तीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट निगुतीने शिकवली. पाढा चुकला तरी चालेल, खोटं बोलायचं नाही.

म्हणून हे लिहिताना पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दवाखान्याचा मुलांचा वॉर्ड, दुसरा मजला. रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते, उजेड लख्ख होता.

निवृत्त झाल्यावर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोडोलीहून एसटीने तिथे जायचो. आजारी पोरांकडून कविता लिहून घ्यायचो. पद्धत सोपी होती. एकच वही प्रत्येक खाटेपाशी न्यायची. प्रत्येकाने एक ओळ द्यायची. ज्याच्या हाताला सलाईन असेल त्याने सांगायची, मी लिहायची. ओळीखाली त्याचं नाव आणि तारीख. शेवटी सगळी कविता मोठ्याने वाचायची. ज्याची ओळ येईल त्याने हात वर करायचा.

घरी जाणारं पोर निरोपाची ओळ द्यायचं. तिच्याखाली मी दोन रेघा ओढायचो. मग वॉर्डभर टाळ्या.

नियम एकच होता. ज्याची ओळ त्यानेच सांगायची. आया हळूच पोरांच्या कानात सांगायच्या, "म्हण, देवा मला बरं कर." मी ती ओळ घ्यायचो नाही. कितीजणी त्यावरून माझ्यावर रुसल्या.

सात नंबरच्या खाटेवर मलकापूरचा प्रसेनजीत होता. नऊ वर्षांचा. आईबाप दोघंही कागलच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून उशाशी आजी असायची, तानूबाई. त्याच्या उजव्या हाताला कायम सुई. त्याच्या अकराही ओळी मीच लिहिल्या होत्या. एक अजून पाठ आहे.

'आमच्या घरामागच्या करवंदीच्या जाळीला माझं नाव माहीत आहे.'

त्या मंगळवारी डॉक्टर लवकर आले. वही सातव्या खाटेपर्यंत पोचलीच नाही.

"गुरुजी, माझी ऱ्हायली की."

"शुक्रवारी सगळ्यात आधी तुझी."

"आत्ताच घ्या की. लहान हाय."

मी हसलो. त्याच्या गालाला हात लावला. एसटी चुकेल म्हणून निघालो.

गुरुवारी पहाटे तो गेला.

शुक्रवारी खाट रिकामी होती. चाक मोडलं होतं म्हणून तिथे दुसरं पोर ठेवलं नव्हतं. मी वही फिरवली. पाच पोरं, पाच ओळी. वाचायला लागलो. पाच हात वर झाले.

आणि मी वाचतच राहिलो...

सहावी ओळ होती.

'सलाईन काढलं, तरी माझा हात उचलत नाही.'

हात कुणाचाच वर झाला नाही.

ओळीखाली प्रसेनजीतचं नाव होतं. तारीख त्याच दिवसाची. आणि अक्षर... माझं.

आठव्या खाटेवरच्या सोनमला विचारलं, ही ओळ कुणी लिहिली? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुमीच की गुरुजी. त्या खाटंवर बसून लिवत हुतासा. 'पुढं?' म्हणून इचारत बी हुतासा."

मी त्या खाटेवर बसलो नव्हतो. निदान मला तसं आठवत नाही. वय बहात्तर. विसरलो असेन, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या मंगळवारी पेन्सिल खिशातून काढलीच नाही. सगळ्या ओळी पोरांच्याच हातांनी लिहून घेतल्या. शेवटी वही उघडली...

'रोज चादर बदलतात, पण मला कुणी ऊठ म्हणत नाही.'

अक्षर माझं.

खिशात हात घातला. पेन्सिल होती. सकाळीच तासलेलं टोक झिजलेलं होतं.

तिसरी ओळ शुक्रवारी आली. 'मलकापूरची गाडी खालून जाते, मला जिना सापडत नाही.'

वॉर्डातल्या मोना सिस्टरला वही दाखवली. तिने वाचली, मिटली, परत दिली. म्हणाली, "गुरुजी, थोडे दिवस येऊ नका." आवाज रागाचा नव्हता.

मी गेलो. न जाऊन कसं चालेल? ते पोर वाट बघत असेल तर?

पुढच्याच मंगळवारी तानूबाई आली. नातवाचं घरात काहीच नाही, त्याचं लिहिलेलं तेवढं द्या म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. पण नातवाचं नाव कसं दिसतं ते मीच तिला शिकवलं होतं. सातव्या खाटेच्या कडेला ती बसली. अकरा ओळी वाचून मी वही मिटायला लागलो. तिने पानावर बोट ठेवलं.

"हितं अजून तीनदा त्येचं नाव हाय की."

वाचावं लागलं.

ती रडली नाही. चादरीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "लेकराला कुणी ऊठ म्हटलंच न्हाय व्हय?"

मी वही मिटली.

"घरला जाताना पोरं शेवटची ओळ देत्यात. त्येची ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मग लिवा. मी सांगतो."

नाही म्हणायला हवं होतं. आजवर कितीजणींना म्हटलं होतं. हिला म्हणवलं नाही.

"ऊठ माझ्या लेकरा, चल घरला," तिने सांगितलं. मी लिहिलं. खाली प्रसेनजीतचं नाव घातलं. दोन रेघा ओढल्या. त्याच्या सगळ्या ओळींची पानं फाडून तिला दिली.

जाताना तिचा डावा हात जरा मागे राहिला होता. कुणीतरी बोट धरल्यासारखा.

मला वाटलं, सुटलं पोर.

शुक्रवारी सहा पोरं होती. सहा ओळी झाल्या. वाचली कविता. सहा हात वर झाले. पान उलटलं...

'गुरुजी, ती ओळ आजीची हाय. माझी न्हाय.'

तेव्हापासून मी दर मंगळवारी, शुक्रवारी सातव्या खाटेपाशी बसतो. चाक दुरुस्त झालंय, तरी तिथे ठेवलेलं पोर दोन दिवसांत दुसरी खाट मागतं. मी वही उघडतो. हळूच म्हणतो, "सांग बाळ, आज वेळ आहे. घेतो तुझी ओळ."

पान कोरंच राहतं.

मी वाट बघत बसलो की काही येत नाही. त्या शुक्रवारपासून एकही ओळ नाही. सोनम कधीच बरी होऊन घरी गेली. त्या खाटेवर बसून मी खरंच लिहीत होतो का, हे विचारायलाही आता कुणी उरलेलं नाही.

काल रात्री तानूबाईचा फोन आला. शेजारच्या पोरीने लावून दिला होता.

"गुरुजी, रोज तिन्हीसांजेला दार उघडं ठिवतो मी. पर अजून कोण आल्यागत वाटंना." मग हळूच म्हणाली, "ती ओळ नीट लिवलीसा न्हवं?"

वही समोरच होती.

"होय तानूबाई," मी म्हणालो. "नीट लिहिली."