नऊ जूननंतरचा बॅकअप

सकाळी दहाला कहकशाचा संगणक बंद पडला. सव्वादहाला तिने हिंगोलीत राणी खिल्लारेला फोन लावला.

"राणीताई, आतून टकटक आवाज येऊन राहिलाय."

"कोण हाय आत?"

कहकशा हसली नाही. तेव्हा राणीने अवजारांची पिशवी उचलली. राणी संगणक दुरुस्त करायची. लोक तिच्याकडे मिक्सरही आणून द्यायचे, पण मिक्सरवाले फोनवर असे गप्प होत नाहीत.

जिल्ह्यातल्याच गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये चालक उत्तमसिंग वाटभर बोलत होता. तिथल्या हळद संशोधन संस्थेत चाललेय, असं राणीने म्हटल्यावर तर जास्तच.

"कहकशा म्याडम म्हंजे वक्ताची पक्की. माझी जीप पाचला सुटते, पण म्याडम पावणेपाचलाच खिडकी धरून बसलेली. संगं तिथले क्लार्क अमृतराव. उन्हाळ्यात एकदा जीप चुकली तिची. तवापासून एक दिवस न्हाई."

सव्वाबाराला राणी संस्थेत पोचली. संस्था म्हणजे तीन खोल्या, तीन संगणक आणि भरपूर पिवळी धूळ. पाच मिनिटांत तिने कहकशाचा संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर तारीख आली, वेळ आली १२:४५, आणि खाली एक ओळ आली: डिस्क सापडत नाही. मग टकटक.

"मेली," राणी म्हणाली. "पुण्या-मुंबईला पाठवली तर कदाचित काही निघंल. महिनाभरात."

"आज पाचपर्यंत," कहकशा म्हणाली.

हळदीचा कंद का कुजतो, यावरच्या पीएचडीत तिची सहा वर्षं गेली होती. एकेचाळीस वाफे, दर पंधरवड्याला मोजणी. दोन वेळा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळत नाही. आज पाचला विद्यापीठाचं ऑनलाइन दार बंद झालं की नोंदणी रद्द. नोंदी आणि प्रबंध दोन्ही त्याच डिस्कमध्ये. पुन्हा मोजायला शेतात काही उरलं नव्हतं. ती हळद उकडून, वाळवून, विकून, बहुधा कुणाच्या तरी वरणात गेली होती.

"पण बॅकअप रोज होतो," कहकशा म्हणाली. हे ती सकाळपासून स्वतःलाच सांगत होती.

बॅकअपची व्यवस्था बंटी नावाच्या मुलाने करून दिली होती आणि मग तो पुण्याला नोकरीला गेला होता. कहकशाचा संगणक विंडोजचा. वाफ्यांचे फोटो साठवणारा लिनक्सचा. अध्यक्ष पुनमचंदांचा मॅक. तिघांनी आपापली प्रत कपाटावरच्या डब्यात टाकायची. डबा म्हणजे दोन डिस्क असलेली पेटी. इन्व्हर्टरवर भार नको म्हणून ती रोज पावणेपाच ते पाच एवढीच जागी राहायची.

राणीने डबा उघडला. लिनक्सची प्रत कालची होती. मॅकची कालची होती. कहकशाची शेवटची प्रत नऊ जूनची होती.

आज सव्वीस सप्टेंबर होता.

कहकशा खाली फरशीवर बसली. खुर्ची शेजारीच होती.

जून ते सप्टेंबर तिने प्रबंध अख्खा नव्याने लिहिला होता. नऊ जूनच्या प्रतीत पहिली दोन प्रकरणं होती आणि तिसऱ्याचं नाव.

राणीने अमृतरावांना बोलावलं. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"काका, बॅकअप होत न्हाई हे कुणाला कळलं काहून न्हाई?"

"होतो की." त्यांनी मोबाइल पुढे केला. रोज चार सत्तेचाळीसला संदेश: बॅकअप पूर्ण. "एक बी दिवस खाडा न्हाई. मी रोज वाचतो आन् मग पाणी पितो."

राणीने संदेश नीट पाहिला. तो लिनक्सच्या यंत्राचा होता. ते बिचारं स्वतःपुरतं बोलत होतं.

"कुणी वैरी हाय का म्याडमचा?"

"हळदीवरची बुरशी," अमृतराव म्हणाले.

राणी कहकशाकडे वळली. "तुमची प्रत कधी जाते?"

"पावणेपाचला आपोआप. पाचला मशीन बंद करून निघते."

"रोज?"

"रोज."

राणीला जीपमधलं बोलणं आठवलं. पावणेपाचला ही बाई जीपमध्ये खिडकी धरून असते. उत्तमसिंगला खोटं बोलायचं कारण नव्हतं. कहकशाला काय कारण असेल? स्वतःचा प्रबंध स्वतःच बुडवणारी माणसं असतात, पण ती सहा वर्षं वाफे मोजत नाहीत.

"नऊ जूनला काय झालं होतं?"

"जीप चुकली. भाऊ मोटारसायकलवर न्यायला आला. येताना रोहीला, म्हणजे नीलगायीला, धडकला. खांद्याचं हाड मोडलं."

"आन् रोही?"

"निघून गेली. विचारपूससुद्धा केली नाही."

अमृतराव खिडकीबाहेर बघत होते.

बंटीला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता आणि दुपारभर तिथेच राहिला. राणीने लिनक्सच्या यंत्रात बंटीने लिहिलेल्या सूचना वाचल्या. तिन्ही यंत्रांना त्याने एकच सूचना दिली होती: डबा उघडत नसेल तर माल शेजाऱ्याकडे ठेवा. शेजाऱ्याचं नाव नव्हतं, पत्त्याचे नुसते आकडे.

साडेतीनला पुनमचंद आले, मॅक काखेत धरून. त्यांना वेगळीच तकलीफ होती.

"बाई, आलाच आहात तर हे बघा. चार महिने झाले, जागा नाही, जागा नाही म्हणतोय. काही काही आकड्यांची फोल्डरं उगवतात रोज. मी रोज काढून टाकतो. तरी जागा होत नाही."

राणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग मोबाइलमधल्या घड्याळाकडे. मग तिने कहकशाचा मेलेला संगणक पुन्हा सुरू केला. पडदा म्हणाला ४:०१. मोबाइल म्हणाला ३:३६.

"सगळे इथं या," ती म्हणाली. "म्याडम, फरशीवरून उठा."

सगळे आले.

"म्याडम पाचला निघते म्हणते. जीपवाला म्हणतो, पावणेपाचला जीपमधी असते. दोघं बी खरं बोलून राहिले. म्याडमचं मशीन पंचवीस मिनिटं पुढं हाय. त्याच्या पावणेपाचला खरे चार वीस वाजलेले. ते डब्याचं दार वाजवतं, डबा झोपलेला. त्याचे पाच वाजले की म्याडम ते बंद करते. खरं पावणेपाचला डबा उठतो, तवा हे मशीन झोपलेलं. साडेतीन महिने दोघांची गाठच पडली न्हाई."

"माझं मशीन पुढे आहे, माहीत आहे मला," कहकशा म्हणाली.

"मग बोललात काहून न्हाई?"

"तुम्ही टाइम विचारला, मी ऑफिसचा टाइम सांगितला. ऑफिसचा टाइम वेगळा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं."

राणीने यावर वाद घातला नाही. "घड्याळ आपोआप पुढं जात न्हाई. इंटरनेट त्याला रोज ठिकाणावर आणतं. कुणीतरी ते आपोआपचं बटण बंद केलं, मग वेळ पुढं सारली. नऊ जूनला जीप चुकली, दहा जूनपासून प्रत न्हाई. काका?"

अमृतरावांनी खिशातली तिन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली, जणू झडतीच होणार होती.

"मीच," ते म्हणाले. "लेकरू कामात गुंग असतं. भिंतीकडं बघत न्हाई, पडद्याकडंच बघतं. भाऊ दवाखान्यात पडला तवा म्हटलं, पडद्यावरचंच पुढं करावं. बाकीच्या मशीनींला हात लावला न्हाई मी. त्यांला कुठं जीप पकडायची असते?"

कहकशाने त्या पेनांकडे पाहिलं.

"मग माझी प्रत कुठे गेली?"

"शेजाऱ्याकडं." राणीने पुनमचंदांच्या काखेतला मॅक हळूच सोडवून घेतला. "डबा उघडला न्हाई, म्हणून रोज इकडं आली. अध्यक्षांनी रोज काढून टाकली."

कहकशाने डोळे मिटले. पुनमचंद एक पाऊल मागे सरकले.

"पण काढून टाकलं तर जागा व्हायला पायजे होती. ती झाली न्हाई. म्हंजे गेलंच न्हाई." राणीने पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी उघडली. "सर, ही कधी रिकामी केली?"

"ती रिकामी करावी लागते?" पुनमचंदांनी विचारलं. त्यांनी आयुष्यात घरचाही कचरा कधी बाहेर नेला नव्हता.

पेटीत एकशे आठ फोल्डरं होती. शेवटचं काल चार वीसचं.

प्रबंध उघडला. सातही प्रकरणं होती, एकेचाळीस वाफे होते, संदर्भसूचीसुद्धा होती. संस्थेचं नेट गेलं. अमृतरावांचा मोबाइल खिडकीत उंच धरल्यावर थोडी रेंज आली. ते हात वर करून वीस मिनिटं उभे राहिले आणि हात बदलू का, असंही विचारलं नाही. चार वाजून बावन्न मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली.

खाली विद्यापीठाची सूचना होती: आपला प्रबंध स्वीकारला आहे. कृपया एक प्रत आपल्याकडे सुरक्षित ठेवावी.

कहकशाने ती ओळ दोनदा वाचली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. अमृतरावांनी हात खाली घेतला आणि पाण्याचा पेला मॅकपासून लांब सरकवला.