घरात पुरुष माणूस आहे का?

एकोणीस वर्षांच्या पोराला कोणी 'एल्डर' म्हणावं, हेच मुळात गमतीचं. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि आपल्या ह्या वडीलधाऱ्याला धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळी नावपट्टी आणि पायात निघताना आईनं घेऊन दिलेले बूट. आठ महिन्यांत त्या बुटांचे तळवे झिजून पार पातळ झाले होते. दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला परदेशी पाठवलेला मॉर्मन मिशनरी तो. शहर परकं, भाषा नवी शिकलेली, ओळखीचं कुत्रंही नाही. हे मिशनरी नेहमी जोडीनं राहतात. जोडीत हा नवा, म्हणून हा धाकटा. दुसरा त्याच्याहून जेमतेम दीड वर्षानं मोठा, पण मान थोरल्याचा. आपणही त्यांना तेच म्हणू.

नियमांचं म्हणाल तर ढीगभर. साडेसहाला उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, अभ्यास करायचा आणि दहाच्या ठोक्याला बाहेर पडायचं. चहा नाही, कॉफी नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, अंघोळीपुरतं काय ते सोडून. आणि आणखी एक नियम, ज्याच्यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. घरात बाई एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. दारातच विचारायचं, घरात पुरुष माणूस आहे का? आहे म्हणाली तर आत. नाही म्हणाली तर पायरीवरूनच परत.

नियम शहाण्यानं केलेला, त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण पाच आठवडे सारखे जोडे झिजवूनही एक दार उघडलं नाही की शहाणपण पातळ व्हायला लागतं. कोणी खिडकीतूनच हात हलवायचं, कोणी कुत्रं सोडायचं. आणि दर सोमवारी फोनवर आईचा तोच प्रश्न, "दार उघडलं का रे कोणी?" धाकटा रोज रात्री गुडघ्यांवर बसून एवढंच मागायचा, देवा, एक दार.

त्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास ते बंद पडलेल्या काच कारखान्यामागच्या गल्लीत आले. गार हवा, वर राखाडी आभाळ, गल्लीत चिटपाखरू नाही. शेवटचं घर सतरा नंबरचं. फाटकापाशी थोरल्याच्या सायकलची चेन उतरली आणि तो ती बसवत तिथेच उकिडवा बसला. "तू वाजव बेल, मी बघतोय," म्हणाला. नजरेआड नको, बस्स.

दार एका म्हातारीनं उघडलं. काखेत लोकरीचा गुंडा, हातात विणायच्या दोन सुया. कोपऱ्यावरच्या दुकानाला ती कानटोप्या विणून द्यायची. तोंडावर हसू, आणि आतून उबेचा असा झोत आला की धाकट्याचे डोळेच मिटले.

"घरात पुरुष माणूस आहे का, आजी?"

"नाही रे बाबा. होते. जाऊन चार वर्षं झाली."

तिच्या सांगण्यात दुःख नव्हतं. धाकट्याला ते जाणवलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

"मग आम्हाला आत येता येत नाही."

"का बरं? मी काय खाते तुम्हाला?"

त्यानं नियम सांगितला. म्हातारी खुदकन हसली. "ह्या वयात माझी अब्रू राखताय होय? शाबास."

इथे धाकट्यानं मागे वळून पाहिलं. थोरल्याचे हात चेनच्या तेलात, मान खाली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं झालं. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही नुसतं 'आहेत आत' म्हणा. तेवढ्यानं भागतं."

म्हातारीचं हसू गेलं. तिनं खांद्यावरून मागे, घराच्या आत पाहिलं. एवढ्यात थोरला हात पुसत पायरी चढून आला आणि त्यानं रीतसर पुन्हा तेच विचारलं. आपल्या थोरल्याचं हे असं, नाकासमोर चालणारा माणूस.

म्हातारीनं काखेतला लोकरीचा गुंडा घट्ट दाबून धरला. मग म्हणाली, "आहेत. आत आहेत."

खोली लहानशी, पण लख्ख. खिडकीपाशी खुर्ची, टोपल्यात रंगीबेरंगी लोकर. मागच्या भिंतीला आतल्या खोलीचं दार आणि त्या दाराला बाहेरून कुलूप. थोरल्याची पाठ तिकडे होती, त्यामुळे कुलूप दिसलं ते धाकट्यालाच. चहा चालत नाही म्हटल्यावर तिनं कपभर गरम दूध दिलं. सुयांची टकटक चालू ठेवून तासभर सगळं ऐकलं, मधूनमधून प्रश्न विचारले, आणि त्यांच्या धर्माचं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून घेतलं. मागितलेलं मिळालं की माणूस कसं मिळालं ते विचारत नाही.

निघताना थोरला उंबऱ्यातूनच, मागे न वळता, अदबीनं म्हणाला, "येतो आजोबा."

आत काहीतरी वाजलं, किल्ल्यांचा जुडगा हलल्यासारखं. थोरला बाहेर पडलाही होता. म्हातारीच्या सुया थांबल्या. धाकट्याला वाटलं, सायकलच वाजली असेल.

त्यांच्याकडे एक नोंदवही असते; घरोघर फिरताना ती धाकट्याच्याच काखेत असायची. एक जोडी गेली की पुढच्या जोडीकडे जाते. घर क्रमांक, तारीख, घरात माणसं किती, बोलणं काय झालं, असे रकाने. त्या संध्याकाळी धाकट्यानं आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'सतरा. घरात माणसं: दोन.' लिहिताना पेन जरा अडखळलं. पण लिहिलं.

सोमवारी आईचा फोन. "दार उघडलं का रे कोणी?"

"उघडलं, आई. एक आजी-आजोबा आहेत."

"दोघंही ऐकतात?"

"हो... दोघंही."

"मग मी दोघांसाठीही प्रार्थना करते. रोज करते बघ. आणि इथल्या बायकांनाही सांगते."

काट्याचा नायटा होतो तो असा. आता नको म्हणायचं तरी कसं? पलीकडे आई मनापासून आनंदली होती.

मंगळवारी चारला ते पुन्हा गेले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. कोणी काही विचारलंही नव्हतं, तरी म्हातारी म्हणाली, "आहेत. आहेत घरात." पाच दिवसांत बाई अर्धी झाली होती. अंगावर स्वेटरवर स्वेटर, बाह्या थेट बोटांपर्यंत ओढलेल्या. खोलीत दाढीच्या साबणाचा वास येत होता, आणि त्याच्याखाली बंद पेटीत येतो तसा कुबट वास. तिनं दुधाचे कप मांडले ते चार.

"चौथा कोणाचा, आजी?" थोरल्यानं सहज विचारलं.

तिनं आतल्या दाराकडे नुसतं पाहिलं. दाराला कुलूप नव्हतं.

थोरला समजुतीनं हसला आणि आवाज चढवून बोलू लागला, आतल्या आजोबांनाही ऐकू जावं म्हणून. तो देवाच्या दयेबद्दल बोलत होता आणि आत कोणीतरी येरझाऱ्या घालत होतं. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, आणि प्रत्येक वळणावर किल्ल्यांचा तो आवाज. धाकट्यानं दुधाचा कप तसाच खाली ठेवला.

थोरला पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत असताना म्हातारीनं धाकट्याचं मनगट धरलं.

"ते कारखान्याचे पहारेकरी होते," ती कुजबुजली. "कामावर जाताना मला त्या खोलीत घालून कुलूप लावायचे. सव्वीस वर्षं. मेले तेव्हा मी त्यांच्याच किल्लीनं ती खोली बंद केली, आणि जुडगा नदीत टाकला. पोरा... चार वर्षं मी सुखात जेवले रे."

"मला माहीत नव्हतं, आजी."

"तू म्हण म्हणालास, मी म्हटलं. माझीही चूक." तिनं बाही वर सरकवली. मनगटावर चार बोटांचे निळे वळ, ताजे. "तुमच्या वहीत लिहिलंय का?"

"हो."

"खोडशील?"

"आजच खोडतो," धाकटा म्हणाला. त्याला रडू येत होतं.

आत येरझाऱ्या थांबल्या. म्हातारीनं दार लोटून घेतलं.

रात्रीच्या प्रार्थनेआधी त्यानं थोरल्याला सगळं सांगून टाकलं. थोरला आधी भडकला. "नियम मोडलास, वर त्या बाईला खोटं बोलायला शिकवलंस?" मग पोराचा चेहरा बघून मवाळ झाला. किल्ल्या, पावलं ह्यावर त्याचा विश्वास बसला नाही. "घर जुनं आहे, वाजतं. पण खोटं ते खोटं. वही दुरुस्त कर, उद्या सकाळी जाऊन आजींची माफी मागू, आणि मिशनच्या अध्यक्षांना मी कळवतो." दोघं शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसले.

धाकट्यानं वही उघडली. 'दोन' वर दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, 'एक'. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला इतकं हलकं वाटलं. एवढं एकच खरं अक्षर लिहून तो झोपला.

बुधवारी सकाळी दहाला गल्लीत स्वच्छ ऊन पडलं होतं. धाकट्यानं बेल वाजवली. आत पावलं वाजली, सावकाश. मग कुलपात किल्ली फिरली.

दार एका म्हाताऱ्या माणसानं उघडलं. ताजी दाढी केलेली, गालाला साबणाचा वास, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुडग्यातून पाणी ठिबकत होतं.

धाकटा एक पायरी मागे सरला. "आजी... आजी आहेत?"

"कोण आजी?" माणूस शांतपणे म्हणाला. "इथे एकच माणूस राहतो. मी."

एक. धाकट्याला आपलंच अक्षर डोळ्यांपुढे दिसलं. किती ते त्यानं लिहिलं होतं. कोण, ते लिहिलं नव्हतं.

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं हसू आलं. "अरे, हे तर आहेत की. आणि तू काल काय सांगत होतास?" तो हळू आवाजात म्हणाला. "आजी बाजारात वगैरे गेल्या असतील. आजोबांना विसर पडतो, दुसरं काय."

"या ना आत," माणूस म्हणाला. त्यानं धाकट्याकडे बघत दार पुरतं उघडलं. "विचारा की... घरात पुरुष माणूस आहे का?"

"चल, आपण जाऊ," धाकटा थोरल्याची बाही ओढत म्हणाला. "ऐक माझं. जाऊ इथून."

"आलोय तर माफी मागूनच जाऊ," थोरला म्हणाला, पायपुसण्याला बूट पुसले, आणि आत गेला.

धाकटा उंबऱ्यावर राहिला. पाठीवर ऊन होतं. समोर टेबलावर दुधाचे तीन कप, वाफाळते. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार, आणि दाराला बाहेरून कुलूप. आणि त्या दारामागे, अगदी हलकी, सुयांची टकटक... थांबली. पुन्हा सुरू झाली.

पळता आलं असतं त्याला. फाटक बारा पावलांवर होतं. पण जोडीदार आत गेला होता, आणि दारापलीकडच्या म्हातारीला त्यानं शब्द दिला होता. भीती त्याला वाटत होती, पण आता पायरीवरून परत फिरणं त्याच्यानं होईना. त्यानं काखेतली वही काढली, उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवली, त्या माणसाच्या हाती लागू नये म्हणून. मग तो आत गेला. दार लागलं.

वही दुसऱ्या दिवशी पायरीवरच सापडली. घराला बाहेरून कुलूप, सायकली फाटकाला टेकलेल्या. कुलूप तोडून लोक आत गेले, तर दोन्ही खोल्या रिकाम्या. टेबलावर तीन कप होते, धुऊन पालथे घातलेले. पोरांचा शोध महिनोन्‌महिने चालला. आई अजूनही सोमवारी फोन जवळ घेऊन बसते.

वही रीतीप्रमाणे पुढच्या जोडीकडे गेली. सतरा नंबरच्या ओळीत 'दोन' खोडलेलं आहे, 'एक' खोडलेलं आहे, आणि शेजारी लिहिलंय 'चार'. अक्षर धाकट्याचं नाही, थोरल्याचंही नाही. नव्या जोडीला वाटलं, कोणी तपासायला आलेल्यानं लिहिलं असेल.

पण परवा त्यांनी पुन्हा वही उघडली, तेव्हा 'चार' वर दोन आडव्या रेघा होत्या आणि पुढे 'तीन' लिहिलेलं होतं, धाकट्याच्या गोल अक्षरात. कोण कमी झालं, ते लिहिलेलं नाही. वहीत तसा रकानाच नाही.