साटीनवरची पानं

मशीन दुरुस्त करणारे नेहमीचे काका आजारी पडले नसते, तर त्यांचा पुतण्या त्या दिवशी आत्याच्या शिवणाच्या दुकानात आलाच नसता. आणि आला तोही नेमका भिंगरीच्या जिवाला घोर लागलेला असताना! गाणाऱ्या बाई संध्याकाळी आपला साटीनचा झगा न्यायला येणार होत्या. गळ्याला मशीनवर नक्षी करायचं काम आत्याने पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलं होतं. "यात माती खाल्लीस, तर पुन्हा बटणं लावत बसायचं," असं बजावूनच ती बाहेर गेली होती. आणि मशीन मेलं टाके सोडत होतं.

पुतण्याने सुई बदलली, आतला कचरा फुंकून काढला, नक्षीची चकती फिरवली. हाताला लागलं ते कापड सुईखाली सरकवून त्याने मशीन चालवलं.

"बघा, कशी छान पानं पडताहेत," तो तिच्याकडे बघत म्हणाला.

तिने पाहिलं आणि ती ताडकन उठली. "अहो... हा झगा आहे! चिंध्या त्या बाजूला आहेत!"

झग्याच्या छातीवरून हिरव्या पानांची ओळ तिरकी निघाली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "उसवू या?"

"साटीन आहे. सुईची भोकं तशीच राहतात." तिचे डोळे भरून आले. रडायलाही वेळ नव्हता. तिने झगा फिरवून पाहिला... ही वेल खांद्यावरून मागे नेली तर? "कापड धरा. ओढू नका, नुसतं धरा."

दोघं मशीनवर वाकले. त्याने कापड धरलं, तिने पायट्यावर पाय ठेवला.

"लक्ष कुठे होतं हो तुमचं?"

"सांगितलं तर चिडाल."

"चिडायला सवड नाहीये मला."

"तुमच्याकडे."

तिचा पाय पायट्यावरून घसरला. "गप्प बसा. वळण येतंय," ती म्हणाली, पण कान तापले होते. तिला राग आला होता, बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच जास्त राग येत होता.

बाई आत्याबरोबरच आल्या. झगा अंगाला लावून आरशासमोर उभ्या राहिल्या. "मी तर गळ्याला सांगितलं होतं."

"चूक माझी आहे," तो घाईने म्हणाला. "यांना बोलू नका."

"पहिली पानं यांची," भिंगरी पुढे झाली. "पण पुढची वेल माझी आहे, बाई. नाही आवडली तर मलाच सांगा."

बाईंनी मान वळवून पाठ न्याहाळली. "जरा आणखी खाली आली असती तर... पण राहू दे. उठून दिसतेय."

आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं! बटणं आता मलाच लावावी लागणार."

त्याने पेटी आवरली, अगदी सावकाश. "आता वर्षभर तरी मशीन बघायला यायला नको," तो पडेल आवाजात म्हणाला.

तिने उगाच एक चिंधी सुईखाली सरकवली.

"उद्या या," ती म्हणाली. "मशीनला काहीही झालेलं नसेल... तरी या."